सध्या काय वाचताय? गावातील वाचकांची मासिक बैठक कशी चालवावी

देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या आमच्या गावात गेली सहा वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंधरा-वीस माणसे एकत्र बसतात आणि आपण सध्या कोणते पुस्तक वाचत आहोत व त्यात काय आवडते आहे, एवढेच एकमेकांना सांगतात. आजूबाजूच्या गावांतील काही मंडळींनी अशी बैठक कशी सुरू करावी हे विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. त्यासाठी पैसा लागत नाही. सहा वाचक, बसायला जागा आणि एक जाड वही इतक्यावर काम सुरू होते; मात्र काही गोष्टी पहिल्या दिवसापासून नीट ठरवल्या नाहीत, तर तिसऱ्या महिन्यात बैठक बंद पडते.

सर्वांत आधी प्रश्न ठरवावा, आणि तो “सध्या काय वाचताय?” हाच असावा. “तुमचे आवडते पुस्तक कोणते?” किंवा “प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असे पुस्तक कोणते?” असे विचारले, की माणसे शाळेत ऐकलेली, पाठ्यपुस्तकात धडा असलेली तीच चार-पाच नावे घेतात, कारण असे उत्तर देताना आपली परीक्षा होते आहे असे त्यांना वाटते. “सध्या” हा शब्द ती भीती काढून टाकतो. सध्या हातात जे असेल ते खरे उत्तर: अर्धी झालेली कादंबरी, गेल्या वर्षीचा दिवाळी अंक, श्रावणात लावलेली पोथी, नातवाला रात्री वाचून दाखवलेले चित्रांचे पुस्तक, मासेमारीच्या जाळ्यांविषयीची माहितीपुस्तिका, काहीही. आमच्याकडे सुरुवातीला पुष्कळ जण “माझा अजून वाचून होवक नाय” असे म्हणून बोलायचे टाळत. आता तेच वाक्य बोलण्याची पात्रता मानले जाते. पुस्तक संपवलेला माणूस बहुधा मत सांगतो. पुस्तकाच्या मध्यावर असलेला माणूस कालच वाचलेला प्रसंग, त्यातले शब्द, मनात घोळणारी शंका सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते पुस्तक हातात घ्यावेसे वाटते ते त्यामुळेच.

पुस्तक चालू असतानाच त्याविषयी बोलण्याची सवय कोकणाला नवीन नाही. चातुर्मासात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो, पडवीत आजूबाजूची माणसे ऐकतात, अध्याय संपला की वाचन थांबते आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर पुढे काय होणार याची चर्चा होते. दापोली तालुक्यातील पालगडच्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी मांडली, तीही रोज थोडे सांगावे आणि उरलेले उद्यावर ठेवावे या रीतीने. बैठक सुरू करताना लोकांना हा दाखला दिला, की हे काहीतरी शहरी आणि परके आहे हा संकोच लवकर जातो.

आमची पहिली बैठक फसली होती, आणि ती का फसली हे सांगणे उपयोगाचे आहे. आम्ही बाहेरगावाहून एका व्याख्यात्यांना बोलावले, हार आणला, प्रास्ताविक केले, आणि त्यांनी दीड तास उत्तम भाषण केले. त्यानंतर ज्यांना आपापल्या पुस्तकाविषयी दोन वाक्ये बोलायची होती त्यांच्यापैकी एकाचेही तोंड उघडले नाही, आणि पुढच्या महिन्यात चार माणसे आली. चूक आमची होती. तेव्हापासून आमच्या बैठकीत प्रमुख पाहुणे नाहीत, अध्यक्ष नाहीत आणि उभे राहून बोलणे नाही. सर्वांनी गोल करून खाली बसावे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी खुर्च्या त्याच गोलात मांडाव्यात, मागे वेगळ्या ओळीत नकोत.

दिवस आणि जागा

कोकणात ही गोष्ट पंचांग, समुद्र आणि आंबा यांच्याकडे पाहून ठरवावी लागते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे कोळीवाडीतील पुरुषांना वर्षात जो थोडा मोकळा वेळ मिळतो तो याच दोन महिन्यांत. त्यांना बैठकीची सवय लावायची असेल तर सुरुवात जूनमध्ये करावी. शेतकरी कुटुंबांचे मात्र नेमके उलट असते. लावणीच्या दिवसांत त्यांच्याकडून रविवारचीही अपेक्षा ठेवू नये, आणि त्या महिन्यात बैठक एक आठवडा पुढे ढकलावी. मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत आंबा उतरवणे, निवडणे आणि पेट्या भरणे यांत घरातले प्रत्येक माणूस गुंतलेले असते. आम्ही एप्रिल आणि मे महिन्यांत बैठक घेत नाही, आणि तसे आधीच जाहीर करतो, म्हणजे बैठक बंद पडली असा गैरसमज होत नाही.

वेळ ठरवताना घरातल्या बायकांना विचारून ठरवावी. आम्ही सुरुवातीला संध्याकाळी सातची वेळ ठेवली होती, आणि तीन महिने एकही गृहिणी आली नाही, कारण ती स्वयंपाकाची वेळ. दुपारी साडेतीन ते पाच अशी वेळ केल्यावर निम्मी बैठक त्यांची झाली.

जागेबाबत एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बैठक घेऊ नये. आषाढातील सर पत्र्यावर कोसळू लागली की शेजारी बसलेल्याचाही आवाज येत नाही, आणि मुळातच हळू बोलणारी माणसे कायमची गप्प होतात. कौलारू घराची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा गावात वाचनालय असेल तर त्याची खोली उत्तम. वाचनालयांची परंपरा कोकणात मोठी आहे, रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ ची आहे, आणि लहान गावांतही एखादे कुलूपबंद वाचनालय बहुधा सापडते. ते महिन्यातून दीड तास उघडायला ग्रंथपाल सहसा आनंदाने तयार होतात. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटरीवर चालणारे दोन दिवे जवळ ठेवावेत.

पुस्तकाविषयी कसे सांगावे

प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावीत, आणि ती मोजण्याचे काम बैठक चालवणाऱ्याने न करता एखाद्या शाळकरी मुलाकडे सोपवावे, कारण मुलाने “वेळ झाली” म्हटले तर कोणाला राग येत नाही. या पाच मिनिटांत काय सांगायचे, हे नवख्या माणसाला आधी घरी जाऊन समजावून द्यावे लागते. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि आपण कितव्या पानावर आहोत, हे आधी सांगावे. मग ते पुस्तक हातात कसे आले ते सांगावे. हा भाग किरकोळ वाटतो, पण माझ्या अनुभवाने बोलणाऱ्याचा अडखळलेला आवाज इथेच मोकळा होतो, कारण पुस्तक माहेरच्या कपाटातले असते, किंवा कणकवली स्थानकावर गाडीला उशीर झाला म्हणून घेतलेले असते, आणि ही हकीकत सांगायला कोणालाही तयारी करावी लागत नाही.

त्यानंतर पुस्तकातील अर्धे पान मोठ्याने वाचून दाखवावे. हा बैठकीचा प्राण आहे आणि तो कधीही गाळू नये. “फार सुंदर लिहिले आहे” या वाक्याने ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. तेच अर्धे पान ऐकले की भाषा कशी आहे, वाक्ये आपल्याला झेपतील का, विषय आपल्या जवळचा आहे का, हे प्रत्येक जण स्वतः ठरवू शकतो. कोणते पान निवडावे, याबाबत लोक चुकतात. ते पहिले पान निवडतात, किंवा ज्यात सुविचारासारखे वाक्य आहे असे पान निवडतात. वाचता वाचता जिथे आपण थांबलो, पुस्तक मांडीवर ठेवले आणि क्षणभर बाहेर पाहिले, ते पान निवडावे. त्या पानात कागदाची पट्टी घालून ठेवावी, पान दुमडू नये, आणि घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहावे, कारण छापील मराठीतील लांब वाक्य कुठे तोडायचे हे पहिल्या वाचनात कळत नाही.

कादंबरी किंवा रहस्यकथा असेल, तर आपण पोहोचलो आहोत त्याच्या पुढचे काही सांगण्याचा प्रश्न येत नाही, आणि पुस्तक संपवण्याआधीच बोलावे या नियमाचा हा आणखी एक लाभ. ज्याने ते पुस्तक आधी वाचले आहे त्याने मात्र शेवट बोलून दाखवू नये, हे प्रत्येक बैठकीच्या आरंभी स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

एखादा “छान आहे” म्हणून गप्प झाला, तर त्याला मदत करणारे प्रश्न तयार ठेवावेत. कोणते पान तुम्ही पुन्हा वाचलेत? वाचताना कोणाला तरी हाक मारून ऐकवावेसे वाटले का? यातले कोणते माणूस तुम्हाला ओळखीचे वाटले? कुठे कंटाळा आला? शेवटचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आवडत्या पुस्तकातही कंटाळवाणी पाने असतात आणि ती मान्य केली की आवडल्याच्या बोलण्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. “यातून तुम्ही काय बोध घेतला?” हा प्रश्न मात्र कोणी विचारू नये. त्या प्रश्नाने पन्नाशीचा माणूसही एका क्षणात वर्गातल्या बाकावर जाऊन बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि मी स्वतः तीस वर्षे शिक्षक होतो.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांचेही वाचन

आमच्या बैठकीत एक आजी येतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांची दृष्टी नीट आलेली नाही, त्यामुळे दुपारची झाकपाक झाली की त्यांची सून त्यांना रोज दहा पाने वाचून दाखवते. पहिल्या वेळी सुनेनेच पुस्तकाविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा आजींनी तिला मध्येच थांबवले आणि पुढची पाच मिनिटे त्याच बोलल्या. प्रसंगांचा क्रम, पात्रांची नावे आणि कोण कोणाला काय म्हणाले, हे सर्व त्यांनी इतके अचूक सांगितले की आम्ही डोळ्यांनी वाचणारी माणसे चकित झालो. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नसल्यामुळे तो पहिल्या वेळीच सर्व धरून ठेवतो, असे मला तेव्हापासून वाटते. त्या दिवशी आम्ही ठरवले की ऐकलेले पुस्तक हे वाचलेलेच पुस्तक होय, आणि वहीत त्याची नोंद त्याच रीतीने होईल. भ्रमणध्वनीवर श्राव्य पुस्तके ऐकणारे रिक्षाचालक आणि काजू सोलताना कानात पुस्तक ऐकणाऱ्या दोन भगिनी त्यामुळेच बैठकीत आल्या. फक्त त्यांना अर्धे पान वाचून दाखवता येत नाही, म्हणून तो भाग आधी शोधून ठेवून सर्वांना ऐकवावा.

कोणाच्याही निवडीला बैठकीत कमी लेखले जाऊ नये, याची जबाबदारी चालवणाऱ्याची. कोणी पाककृतींचे पुस्तक आणले तर त्यातील एक कृती वाचायला सांगावी. चांगल्या कृतीत किती नेमके गद्य असते हे ऐकल्यावरच कळते. दिवाळी अंकांना तर डिसेंबरची सगळी बैठकच द्यावी. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचकाला ही सवय लागलेली आहे, आणि ज्यांचे वर्षभरात एकही पुस्तक वाचून होत नाही अशा घरांतही एखादा अंक असतोच. त्या दिवशी संपूर्ण अंकाविषयी न बोलता प्रत्येकाने आवडलेल्या एकाच लेखाविषयी किंवा कथेविषयी बोलावे.

मुलांसाठी वेगळी बैठक घेण्याची गरज नाही. त्यांना मोठ्यांच्या गोलातच बसवावे आणि पहिला किंवा दुसरा क्रमांक द्यावा, म्हणजे बोलून झाल्यावर ती खेळायला जाऊ शकतात. पालकांनी त्यांना वाक्ये पढवून आणू नयेत.

पुस्तक आपल्याच भागाचे असेल तेव्हा

कोकणात घडणारी कादंबरी कोणी आणली की बैठकीचा रंग बदलतो. हा भाग लेखकांनी समृद्ध आहे. चिं. त्र्यं. खानोलकर आणि मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याकडचे, जयवंत दळवी आरवलीचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यातील धालवलीचे, श्री. ना. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. त्यामुळे अशी पुस्तके वरचेवर येतात, आणि मग ऐकणारी माणसे साहित्य बाजूला ठेवून भूगोल तपासू लागतात. भरतीच्या वेळी त्या बाजूने होडी लागेल का, अमुक फूल त्या महिन्यात फुलते का, तो शब्द आमच्याकडे असा म्हणतात का? एकदा कादंबरीतील एका होडीवरून आमच्याकडे पाऊण तास वाद झाला आणि चार वाचकांची पाळीच आली नाही.

असे बोलणे बंद पाडू नये, कारण स्वतःच्या भूमीशी पडताळून पाहणे हाही वाचनाचा आनंद आहे, आणि तो इथल्या वाचकाला जितका मिळतो तितका इतरांना मिळत नाही. त्याला पुस्तकाकडे परत आणण्याची एक साधी युक्ती आहे: ज्या वाक्यावरून वाद निघाला ते वाक्य पुन्हा वाचायला सांगावे. वाक्य पुन्हा ऐकले की लेखकाने नेमके काय लिहिले होते आणि आपण त्यात काय घातले, हे लक्षात येते, आणि बोलणे आपोआप पुस्तकावर येते. होडीच्या वादातही तसेच झाले. वाक्य पुन्हा वाचल्यावर दिसले की लेखकाने होडी किनाऱ्याला लागल्याचे म्हटलेच नव्हते. ती दूर उभी होती आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला होता.

वही आणि देवघेव

बैठकीची वही साधी असावी, पण नियमाने लिहिली जावी. तारीख, वाचकाचे नाव, पुस्तक, लेखक, प्रकाशक, गाठलेले पान, प्रत कोणाची आणि पुढे कोण नेत आहे, एवढे रकाने पुरतात. प्रकाशकाचे नाव लोकांना अनावश्यक वाटते, परंतु तेच पुस्तक पुढे विकत घ्यायचे झाले तर त्याचा उपयोग होतो. पानाचा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. पुढच्या बैठकीत तोच वाचक तेच पुस्तक घेऊन आला तर किती पुढे गेला ते दिसते, आणि त्याने ते सोडून दिले असेल तर “सोडले, पान ८४” अशी नोंद करावी. सोडलेल्या पुस्तकाविषयीही एक मिनिट बोलू द्यावे. आमच्याकडे एकाने सोडलेली तीन पुस्तके दुसऱ्यांनी आवडीने पूर्ण केली आहेत, आणि ज्या कारणासाठी पहिल्याने ती सोडली तेच कारण ऐकून दुसऱ्याने ती मागितली.

या वहीचा मोठा उपयोग वाचनालयाला होतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते आणि त्यातून ग्रंथखरेदीही होते. खरेदीची यादी ठरण्यापूर्वी वहीतील नावे ग्रंथपालांकडे लेखी द्यावीत. कोणत्या पुस्तकाला किती जणांनी मागणी केली हे त्यात लिहिले असेल, तर ती यादी सहसा डावलली जात नाही.

ज्याला जे पुस्तक हवेसे वाटले ते त्याला त्याच दिवशी मिळाले पाहिजे. महिनाभराने ती इच्छा राहत नाही. म्हणून प्रत्येकाने आपले पुस्तक वाचून झाल्यावर कोणाला द्यायचे हे तिथेच ठरवावे, आणि एकापेक्षा जास्त जणांना हवे असेल तर वहीत क्रम लावावा. पावसाळ्यात पुस्तक नेताना प्लास्टिकच्या पिशवीत न्यावे, मात्र घरी पोहोचताच बाहेर काढावे, कारण बंद पिशवीतील दमट हवेने आठवड्यात बुरशी धरते. भिजलेले पुस्तक उन्हात टाकू नये. पानांमध्ये कोरे शोषक कागद घालून पंख्याखाली उभे ठेवावे.

बैठकीतील लोकांचा व्हॉट्सॲप गट करायला हरकत नाही. त्यावर तारीख कळवावी, मुखपृष्ठाचे छायाचित्र टाकावे. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ मात्र कोणी पाठवू नये, हे पहिल्याच दिवशी सांगावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले झाले आहे; चिं. त्र्यं. खानोलकर १९७६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत राहील. हा फरक उदाहरणाने सांगितला की लोक ऐकतात.

गणपतीत चाकरमानी गावाला येतात तेव्हा दीड दिवसाचे विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी दुपारी एक जादा बैठक घ्यावी. मुंबईत ते काय वाचत आहेत हे गावाला कळते, आणि गावाला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी त्यांच्याबरोबर परत जाते. पुढच्या फेरीत त्यांतली निम्मी तरी पुस्तके येतात, असा आमचा अनुभव आहे. उठण्यापूर्वी वहीत दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: पुढच्या बैठकीची तारीख, आणि आज जे नुसते ऐकत बसले त्यांच्यापैकी त्या दिवशी सर्वांत आधी कोण बोलणार.